मिनिट्स कोण लिहितं?

आमच्या गटाच्या मासिक बैठकीत पाहुण्यांचं भाषण संपलं की मी लगेच प्रश्न मागत नाही. आधी दोन मिनिटं प्रत्येकीने शेजारणीशी बोलायचं. मग पहिला प्रश्न अशा बाईचा, जी पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदाच आली आहे. कार्यक्रमांची आखणी माझ्याकडे आली तेव्हा हा नियम मी हट्टाने लावून घेतला. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दहा देशांतल्या जवळपास अडीचशे विद्यापीठीय व्याख्यानांत बसून, शेवटी प्रश्न कोण विचारतं हे त्यात मोजलं होतं. एखादा प्रश्न पुरुषाकडून येण्याची शक्यता स्त्रीकडून येण्यापेक्षा अडीच पटीहून जास्त निघाली. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला, तर पुढे स्त्रियांचे प्रश्न आणखी कमी होत. आमच्याकडे सगळ्या बायकाच. पण पहिला हात वर जायचा तो नेहमीच्या चार-पाच ज्येष्ठ जणींचा, आणि एकदा त्यांचं बोलणं सुरू झालं की नव्या मुली गप्प बसून राहायच्या. म्हणून हा नियम.

या नियमामुळेच त्या दिवशी तो प्रश्न आला. एरवी तो कुणी विचारला नसता, मी तर नाहीच.

गटाबद्दल थोडं सांगते. वेगवेगळ्या व्यवसायांतल्या आम्ही तीस-पस्तीस जणी महिन्यातून एकदा भेटतो. कुणी वास्तुविशारद आहे, कुणी कर सल्लागार, कुणी भूलतज्ज्ञ, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. मी कारखान्यांतल्या सुरक्षिततेचं ऑडिट करते. सुरुवातीला प्रत्येकीला साठ सेकंद मिळतात. त्यात नाव सांगायचं, काम सांगायचं, मी इतरांना काय देऊ शकते आणि मला काय हवंय ते सांगायचं. घंटी वाजली की खाली बसायचं. नव्या आलेल्यांना हे जरा शाळेसारखं वाटतं, पण माझ्या मते अख्ख्या बैठकीतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून ही बातमी कळली त्याला तुम्ही कितीदा भेटत होता? वरचेवर भेटणारे सहात एक निघाले. बाकीच्यांना बातमी मिळाली होती ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. जवळच्या मैत्रिणीला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवीन बातमी येते ती ओझरत्या ओळखीतून. ही ओझरती ओळख व्हावी म्हणून ते साठ सेकंद.

त्या दिवशीच्या पाहुण्या मोठ्या संस्थांमध्ये बढत्या कशा दिल्या जातात यावर काम करणाऱ्या होत्या. आल्या आल्या त्यांनी खुर्च्यांच्या रांगा मोडायला लावल्या आणि तिघी-तिघींचे गट केले. म्हणाल्या, भाषण नंतर, आधी खेळ.

खेळ असा. दोन मिनिटांच्या आत तिघींपैकी एकीने हात वर करायचा. कुणीच केला नाही, तर तिघींना चार-चार गुण. एकीने केला, तर तिला पाच आणि बाकीच्या दोघींना आठ-आठ. बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. म्हणजे कुणीतरी हात वर करणं सगळ्यांच्याच फायद्याचं, पण करणारीचा फायदा सगळ्यांत कमी.

मी वेळ लावली. पहिलं मिनिट सगळ्या हसत होत्या. दीड मिनिट झालं आणि खोली शांत झाली. माझ्या जवळच्या गटात आमच्या मिनिट्स, म्हणजे बैठकीचं टिपण, लिहिणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. वही नेहमीप्रमाणे मांडीवर, पेनाला टोपण नाही. समोरच्या दोघी छताकडे बघत होत्या. मॅडमनी दोघींकडे एकेकदा पाहिलं, पेन वहीत खुणेसारखं ठेवलं आणि हात वर केला. तेव्हा चार-पाच सेकंद उरली असतील. मग इतर गटांतूनही एकेक हात वर गेला.

आम्ही हा खेळ पाच वेळा खेळलो. पाचपैकी चार वेळा त्यांच्या गटात त्यांचाच हात.

मग पाहुण्यांनी सांगितलं, की हा खेळ अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी संशोधिकांनी केलेल्या प्रयोगावरून घेतलाय. तो प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगातल्या माणसांना गटातले बाकी दोघे ओळखीचे नव्हते, आणि गुणांऐवजी पैसे होते. स्त्री-पुरुष मिसळलेल्या गटांमध्ये पुढे होण्याचं प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त निघालं. आणि ‘तू करतोस का?’, ‘तू करतेस का?’ असं मुद्दाम विचारायची सोय ठेवली, तेव्हा विचारणारा पुरुष असो की स्त्री, विचारणा स्त्रीलाच जास्त व्हायची. मात्र फक्त स्त्रियांचे आणि फक्त पुरुषांचे गट केले, तेव्हा हा फरक उरलाच नाही. पुरुषही तितक्याच वेळा पुढे झाले. याचा अर्थ त्यांनी फार चांगला उलगडून सांगितला. अशी कामं अंगावर घेणं हा बाईचा स्वभाव असता, तर बायकाच असलेल्या गटातही तो तसाच दिसला असता. तो दिसत नाही. बाई समोर असली की ‘ही करेल’ असं बाकीच्यांनी धरलेलं असतं, आणि तिनेही ते धरलेलं असतं.

ही कामं म्हणजे कुठली, याची यादी आम्हीच केली. नव्या माणसाला शिकवणं, निरोप समारंभाची वर्गणी गोळा करणं, रुसलेल्या दोघांत समेट घडवणं, बैठकीचं टिपण काढणं, दुसऱ्याचं सादरीकरण नीट करून देणं. कचेरी चालायला सगळी लागतात, आणि बढतीच्या वेळी एकही मोजलं जात नाही. आमच्यातल्या एका बँक अधिकारी बाईंनी गेल्या महिन्यातली अशी अकरा कामं लिहिली होती. वाचता वाचता त्यांचा आवाज बसला.

पाहुण्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. हे सगळं संशोधन उभं राहिलं ते बॅबकॉक आणि त्यांच्या चार मैत्रिणींच्या भेटींमधून. २०१० मध्ये या पाच जणी एकत्र येऊ लागल्या, त्या ‘नाही’ म्हणायला शिकायचं म्हणून. आमच्यासारखाच एक गट! टाळ्या पडल्या. मीही मनापासून वाजवल्या. आपण बायकांनी बायकांसाठी उभी केलेली ही जागा किती बरोबर आहे, असंच तेव्हा वाटत होतं.

दोन मिनिटं शेजारणीशी बोलणं झालं आणि पहिला प्रश्न मी एका मुलीला दिला. बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर, आमच्याकडे दुसरीच बैठक. ती उभी राहिली, पण तिने पाहुण्यांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली,

“इथे मिनिट्स कोण लिहितं?”

आवाजात खोचकपणा अजिबात नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, “त्या मॅडम लिहितात.”

“नेहमी?”

मी तोंड उघडलं, पण उत्तर आलं नाही. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “अगं, त्यांचं अक्षर फार सुंदर आहे.” दुसरी म्हणाली, “त्यांच्याइतकं व्यवस्थित कुणालाच जमत नाही.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि पाच मिनिटांपूर्वी आमच्या यादीत, कचेरीतले सहकारी ही कामं आपल्या गळ्यात घालताना काय म्हणतात, त्या रकान्यात हीच वाक्यं आम्ही लिहिली होती. सगळ्यांच्या ते एकदमच लक्षात आलं असावं, कारण नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. पाहुण्याही काही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी ते बरंच केलं.

तेव्हा आमच्यातली एक जण उभी राहिली. ती वैद्यकीय उपकरणांची रचना करते. तिने मॅडमना विचारलं, “ताई, तुम्ही नक्की काय काम करता?”

मॅडम म्हणाल्या, “पेटंटचे मसुदे. उपकरणांच्या पेटंटचे जास्त.”

ती मटकन खाली बसली. सात-आठ महिन्यांपूर्वी याच बैठकीत, आपल्या साठ सेकंदांत तिने सांगितलं होतं, की मला पेटंटचा मसुदा करून देणारं कुणीतरी हवंय. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. कुणाकडूनच नाव आलं नाही, म्हणून तिने बाहेर शोधाशोध केली, पहिला मसुदा फसला, महिने गेले. आणि तिची ती मागणी वहीत ज्यांच्या अक्षरात लिहिलेली आहे, त्या तीन खुर्च्या सोडून बसल्या होत्या.

“तुम्ही बोलला का नाहीत?” तिने विचारलं. रागाने नव्हे, पण दुखावून.

“लिहीत होते,” मॅडम म्हणाल्या. “लिहून होईपर्यंत पुढचीचा नंबर आला होता.”

त्या रात्री मी तिन्ही वह्या घरी आणल्या. माझ्या कामात रजिस्टरं चाळणं रोजचंच. आग विझवायच्या सिलिंडरची तपासणी कधी झाली, कुणी सही केली, कुठला रकाना कोरा आहे. कोऱ्या रकान्यावर नजर आपोआप थांबते, त्याचाच तर पगार मिळतो मला. आमच्या वह्या मात्र मी पूर्वी कधी तशा वाचल्याच नव्हत्या. सलग वाचल्या तेव्हा दिसलं, की साठ सेकंदांच्या ओळखींत सगळ्यांची नावं आहेत आणि मॅडमचं एकाही बैठकीत नाही. पहिल्या एक-दोन बैठकांत त्यांनी स्वतःपुरती ओळ आखून ठेवली होती. ती कोरीच राहिली. पुढे ओळ आखणंही थांबलं.

आणखी एक गोष्ट होती, ती मला अगदी उशिरा दिसली. समासात पेन्सिलीने, फार बारीक अक्षरात, काही ओळी होत्या. आधी वाटलं, राहिलेले मुद्दे असतील. ते प्रश्न होते. पाहुण्यांना विचारायचे. कराराबद्दल बोलायला आलेल्या वकीलबाईंच्या पानावर लिहिलं होतं, ‘काम अर्धवट सोडलं तर मसुद्याची मालकी कुणाची?’ स्वतःची फी कशी ठरवावी हे सांगून गेलेल्या सल्लागार बाईंच्या पानावर, ‘जुन्या ग्राहकाला वाढ कशी सांगायची? कोणत्या शब्दांत?’ काही पानांवर एक, काहींवर तीन. प्रश्न कोण विचारतं याचा एवढा अभ्यास मी वाचलेला, नव्या मुलींसाठी नियम केलेला, आणि इतकी वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ही बाई प्रश्न समासात लिहीत होती. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी फोन केला. मी माफी मागायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाल्या, “मला लिहायला आवडतं. पहिल्यांदा मीच हो म्हटलं होतं. पण ते हो त्या दिवसापुरतं होतं, एवढंच. नंतर कुणी विचारलंच नाही, मग नाही कशाला म्हणायचं?” समासातल्या प्रश्नांचा विषय काढला, तेव्हा मात्र त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “नंतर गाठून विचारू म्हणून लिहायचे. पण नंतर खुर्च्या लावायच्या असतात.”

खुर्च्यांचं मी तोवर धरलंच नव्हतं. मग बसून सगळीच यादी केली. खुर्च्या, हजेरी, पाहुण्यांना आणणं-पोचवणं, आभाराची पत्रं, माइक, आजारी सभासदांची विचारपूस. तीस-पस्तीस जणींच्या गटात ही सगळी कामं मिळून चौघींच्या अंगावर होती. आता चिठ्ठ्या टाकतो. ज्या महिन्यात जिची चिठ्ठी निघेल तिने मिनिट्स लिहायची, आणि लिहिणारीची ओळख सगळ्यांच्या आधी, पेन हातात घेण्यापूर्वी. ‘कोण करेल?’ असं विचारून वाट बघत बसायचं नाही. त्या शांततेत काय होतं ते आम्ही पाच वेळा पाहिलंय. दोन ज्येष्ठ सभासदांना हे आवडलेलं नाही. आपुलकीने चाललेल्या गोष्टीला कचेरीची कळा आली, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. आपुलकी सगळ्यांची होती तर खुर्च्या चौघींनीच का लावल्या?

पहिली चिठ्ठी माझी निघावी अशी माझीच इच्छा होती, पण निघाली दुसरीची. तिला त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमधून निघायला उशीर झाला, म्हणून वही माझ्याकडे आली.

मॅडम दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. हातात काहीच नव्हतं आणि ते त्यांना जड जात होतं. पर्सचा पट्टा सारखा सरळ करत होत्या. नंबर आल्यावर उठल्या. नाव सांगितलं, काम सांगितलं, किती वर्षं करतायत ते सांगितलं. कुठलाही शोध जाहीर करण्याआधी अर्ज दाखल करा, नाहीतर बऱ्याच देशांत पेटंटचा हक्कच जातो, हे अगदी सोप्या शब्दांत सांगितलं आणि म्हणाल्या, एवढं तपासून द्यायला मी कुणालाही अर्धा तास देईन. मग ‘मला काय हवंय’ वर येऊन थांबल्या. मी घंटीवर हात ठेवून बसले होते. साठ सेकंद होऊन गेली. मी घंटी वाजवली नाही.

“मला एक हाताखाली शिकणारी मुलगी हवी आहे,” त्या म्हणाल्या. “एकटीने काम आवरत नाही.”

मी ते लिहून घेतलं, आणि त्यांच्याकडे बघत राहिल्यामुळे त्यांच्या नंतरच्या दोघी काय बोलल्या ते वहीत आलंच नाही. दुसऱ्या दिवशी दोघींना फोन करून विचारलं आणि त्या दोन ओळी भरल्या.