पैठणीच्या मागावर स्टोल

आमचे आजोबा येवल्यात मजुरीवर विणायचे. रेशीम व्यापाऱ्याचं, जरही त्याचीच, नक्षी कुठली ते तोच सांगणार. स्वतःचा माल स्वतः विकायचं वडिलांनी ठरवलं, तेव्हा सगळं अडलं भांडवलापाशी. पदर भरगच्च असेल तर एका साडीला महिने लागतात. तोवर बंगळूरचं रेशीम आणि सुरतेची जर यांत पैसा गुंतून राहतो, आणि विणकराचं घर तर दर आठवड्याला चालायला हवं.

स्टोलकडे आम्ही वळलो ते या हिशेबातून. तसं यात नवं काही नाही. माधवराव पेशव्यांनी लाल, हिरवे, केशरी, डाळिंबी, गुलाबी असे असावलीचे, म्हणजे फुलावेलीच्या नक्षीचे, दुपट्टे मागवले होते.

पण साडीचा पदर नुसता लहान करून भागत नाही. पदराची जमीन, म्हणजे नक्षीमागचं कापड, जरीची आणि तिच्यात रेशमाची नक्षी, हा रिवाज. खांद्यावर ते वजन शोभतं, गळ्याला मात्र जर टोचते. म्हणून आम्ही जमीन रेशमाची ठेवली. जर फक्त टोकांच्या पट्ट्यांत आणि विरळ बुट्ट्यांत. बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलातला मोर, स्टोलवर घेतच नाही, एवढ्याशा रुंदीत तो गुदमरतो. (मागणारे मागतात, आम्ही कोयरी दाखवतो.)

पैठणीचं विणकाम मात्र स्टोलच्या पथ्यावर पडलं. नक्षीतल्या प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, वेगळी. विणकर ती ताण्याच्या मोजक्याच उभ्या तारांतून हाताने काढतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि परत फिरवतो. त्यामुळे मागे धागे लोंबत नाहीत, दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच दिसते. गळ्यात स्टोल सारखा उलटतो, तिथे याचं मोल कळतं. जॅकार्डवरच्या, म्हणजे नक्षी यंत्राने उचलणाऱ्या मागावरच्या, मालात उलट्या बाजूला तरंगते किंवा कापलेले धागे दिसतात. शिर्डीला जाताना दुकानात डोकावणारी माणसं 'अस्सल कशावरून?' विचारतात, त्यांच्या हातात आम्ही स्टोल उलटा करूनच देतो.

२०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. यंत्रमागावरच्या नकला त्याने थांबल्या नाहीत. आमच्या मते गिऱ्हाइकाने उलटी बाजू बघितली तरच त्या थांबतील. जरीबाबतही आम्ही स्पष्ट बोलतो. चांदीची जर लावतो ती ऑर्डर असेल तरच, एरवी टेस्टेड, म्हणजे नकली जर, आणि बिलावर तसं लिहून देतो.

२०२० मध्ये लग्नं थांबली तशा साड्या कपाटात राहिल्या. स्टोल मात्र कुरिअरने पुण्या-मुंबईला जात राहिले, माग बंद पडले नाहीत. तेव्हापासून शिकाऊ हातांना पहिल्यांदा स्टोलच देतो: काम लवकर उतरतं, मजुरी लवकर हातात पडते, आणि तिल्ली धरायची सवयही होते. घरातल्या दोघी सुना अशाच तयार झाल्या. धाकटीची असावली आता वडिलांच्या असावलीपेक्षा सुबक येते, हे वडीलच सांगतात.

सध्या सगळ्यात जास्त मागणी लाल काठाच्या काळ्या स्टोलला आहे. संक्रांतीला हवा असेल तर दसऱ्याच्या सुमारास सांगावं. डिसेंबरातली ऑर्डर आम्ही घेत नाही.