तुम्ही विचारलंत म्हणून: सलग ९२ सामन्यांत गुण, ते मोजले कसे?

इंग्लंडमधल्या सॅलफर्ड या रग्बी क्लबच्या डेव्हिड वॉटकिन्सने सलग ९२ सामन्यांत गुण केले, असं लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो. त्याच संघात कीथ फील्डिंगसारखा ट्रायचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याचा) रतीब घालणारा विंगर, म्हणजे कडेचा खेळाडू होता, मग विक्रम वॉटकिन्सचा कसा? आणि 'सलग' ठरवतात तरी कशावरून?

आधी एक खुलासा. हा रग्बी लीगचा विषय आहे, म्हणजे १३ जणांच्या संघाचा. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर दिसते ती १५ जणांची रग्बी युनियन. वॉटकिन्स मुळात वेल्सचा, युनियनमधलाच. १९६७ मध्ये तो सॅलफर्डकडे आला.

त्याची मालिका १९ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि २५ एप्रिल १९७४ पर्यंत चालली. त्यात ४१ ट्राय, ४०३ गोल (किक मारून गोलपोस्टमधून चेंडू घालणं), एकूण ९२९ गुण. असा आकडा दिसला की तो आधी पडताळून घ्यावा. तेव्हा ट्रायला ३ गुण होते (४ झाले १९८३ मध्ये) आणि गोलला २. ४१ त्रिक १२३, ४०३ दुणे ८०६, बेरीज ९२९. जुळलं. ड्रॉप गोलचा (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेल्या गोलचा) इंग्लंडमध्ये एकच गुण झाला तो १९७४-७५ च्या हंगामापासून, त्यामुळे इथे सगळे गोल एकाच भावाने धरता येतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच आकड्यांत आहे. ४१ ट्राय प्रत्येकी वेगळ्या सामन्यात झाल्या असं मानलं, तरी ५१ सामने ट्रायविना उरतात. तिथे मालिका टिकली ती फक्त किकवर. ट्राय संघातल्या कुणीही केली, तरी तिच्यानंतरची कन्व्हर्जन, म्हणजे जादा गुणांसाठीची किक ठरलेल्या किकरची. प्रतिस्पर्ध्याने नियम मोडून टप्प्यात पेनल्टी किक दिली, तर तीही त्याचीच. फील्डिंगने १९७३-७४ च्या हंगामात सॅलफर्डसाठी ४६ ट्राय केल्या, आणि त्यातल्या कित्येकींनंतर गोलपोस्टसमोर चेंडू लावायला वॉटकिन्सच उभा असणार. विंगरकडे मात्र चेंडूच आला नाही, तर ऐंशी मिनिटं पळूनही भोपळा.

थोडं गणित मांडू. आकडे मानीव आहेत. एखादा विंगर दहापैकी सहा सामन्यांत ट्राय करतो, म्हणजे उत्तमच झाला. तरी सलग १७ सामन्यांत ट्राय करण्याची त्याची शक्यता सुमारे ५,९०० मध्ये एक. उलट दहापैकी सात किक साधणाऱ्या किकरला सामन्यात पाच संधी मिळाल्या, तर पाचही हुकण्याची शक्यता हजारात अडीचच्याही आत. म्हणूनच लीड्सचा ऑस्ट्रेलियन विंगर एरिक हॅरिस याने १९३५-३६ मध्ये सलग १७ सामन्यांत ट्राय केली, ती मालिका मला ९२ पेक्षा जास्त अचाट वाटते. त्या हंगामात त्याच्या ६३ ट्राय होत्या.

पण म्हणून ९२ स्वस्त ठरत नाही. किकरला खरा धोका असतो तो तीन संधींच्या सामन्यात. हिवाळ्यातला चिखल, पाणी पिऊन जड झालेला चामडी चेंडू, आणि ट्राय टेकवलेली पार कोपऱ्यात. कन्व्हर्जन त्या जागेच्या सरळ रेषेत मागे येऊन मारावी लागते, म्हणजे कोपऱ्यातल्या ट्रायनंतर किक थेट टचलाइनजवळून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून. शिवाय संघ शून्यावर राहिला तर किकरही शून्यावर. याचा अर्थ त्या ९२ सामन्यांत सॅलफर्डला एकानेही कोरं ठेवलं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे दोन हंगाम न चुकता मैदानात उतरणं. या खेळात हाडं शाबूत ठेवून ९२ वेळा हजर राहणं हाच अर्धा विक्रम.

काळाचीही थोडी साथ होती. १९६६ पासून चार टॅकलनंतर (चेंडू घेतलेल्याला चार वेळा पकडून रोखल्यावर) चेंडूवरचा हक्क जायचा; १९७२ मध्ये चाराचे सहा झाले. चाल रचायला वेळ मिळाला, आणि ट्राय वाढल्या की कन्व्हर्जनही वाढणारच.

आता मोजणी. क्लबचे अधिकृत सामने तारीखवार लावायचे, लीग आणि चषक एकत्र. मैत्रीपूर्ण सामने आणि सेव्हन्स (सात-सात जणांचे सामने) बाहेर. खेळाडू देशाकडून खेळला तर तो सामना क्लबच्या मालिकेत धरत नाहीत. बदली म्हणून शेवटची दहा मिनिटं खेळला तरी सामना खेळलाच, गुण नसतील तर मालिका तुटली. कामगिरी कितीही भव्य असो, नोंद एकच: १ डिसेंबर १९७२ ला बॅरोविरुद्ध वॉटकिन्सने पाच मिनिटांत तीन ट्राय आणि दोन गोल केले, १३ गुण; मालिकेच्या हिशेबात त्याची किंमत एखाद्या रटाळ सामन्यातल्या एकाच पेनल्टीइतकी.

घोळ होतात ते ठरावीक ठिकाणी. एक, हंगामातली मालिका आणि एकूण मालिका यांची सरमिसळ. तेव्हा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढल्या वसंतात संपायचा (उन्हाळी सुपर लीग १९९६ ची), म्हणून '१९७३ मधली मालिका' या शब्दांना काही अर्थच उरत नाही. ली क्लबच्या स्टुअर्ट फर्ग्युसनने १९७०-७१ मध्ये क्लबच्या प्रत्येक सामन्यात गुण केले, तो हंगामाचा पराक्रम. ९२ च्या शेजारी तो वेगळ्या रकान्यात लिहावा. दुसरा घोळ, एकाच आडनावाचे दोघे संघात असले की वर्तमानपत्रातला गोल भलत्याच्या नावावर चढतो. आधी संघातल्या सगळ्यांच्या ट्राय आणि गोल त्या वर्षीच्या भावाने गुणून बेरीज अंतिम धावफलकाशी ताडायची. पण नावांची अदलाबदल झाली तरी बेरीज जुळतेच, म्हणून शंका राहिली, तर दुसऱ्या गावच्या वर्तमानपत्रातला त्याच सामन्याचा वृत्तान्त काढायचा. पाहुण्या संघाची नावं बहुधा यजमानांच्या पेपरात चुकतात.

नोंद करताना पहिल्या आणि शेवटच्या सामन्याची तारीख, सामने, ट्राय, गोल, गुण एवढं सगळं लिहावं. नुसता '९२' लिहिला, तर तो ट्रायचा की गुणांचा हे पुढच्याला कळायला मार्ग राहत नाही.