बारा डोंगरांचं स्मारक

सीथवेटहून निघालो तेव्हा जेमतेम उजाडलं होतं आणि पाऊस भुरभुरत होता. इंग्लंडमधल्या वस्तीच्या ठिकाणांत सर्वाधिक पाऊस इथेच पडतो, त्यामुळे भिजायची तयारी ठेवूनच आलो होतो. नोव्हेंबरमधला दुसरा रविवार. युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. ब्रिटनभर लोक गावातल्या दगडी स्मारकापाशी जमतात. इथे लेक डिस्ट्रिक्टमध्ये, इंग्लंडच्या वायव्येकडच्या या डोंगराळ भागात, कित्येक जण त्यासाठी डोंगर चढतात. मलाही अकराच्या आत ८९९ मीटर उंचीच्या ग्रेट गेबलच्या माथ्यावर पोचायचं होतं.

स्टॉकली पूल ओलांडला की चढ लागतो. पुढे स्टायहेडचं तळं, मग खिंड. खिंडीत जखमींसाठी स्ट्रेचर ठेवलेली पेटी आहे. तिथून वर धुकं इतकं दाट, की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती.

पहिल्या महायुद्धात ‘फेल अँड रॉक क्लाइंबिंग क्लब’चे वीस सभासद मारले गेले. ही मुलं याच कड्यांवर चढायला शिकली होती. क्लबने त्यांच्यासाठी पुतळा उभारला नाही. त्यांनी इथली बारा शिखरं, सुमारे ३,००० एकरांचा डोंगरमाथा, विकत घेऊन १९२३ मध्ये निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिला, सर्वांना कायम मोकळेपणी फिरता यावं म्हणून. शेजारचं स्कॉफेल पाइक, इंग्लंडचं सर्वोच्च शिखर, लॉर्ड लेकनफील्ड यांनी याच भागातल्या मृत सैनिकांच्या स्मरणार्थ आधीच देऊन टाकलं होतं.

माथ्यावरच्या खडकात ब्राँझची पाटी बसवलेली आहे. मूळची १९२४ची. तिच्यावरच्या नावांत राहिलेल्या चुका सुधारून २०१३ मध्ये नवी बसवली. पाटीवर वीस नावं आणि दान दिलेल्या डोंगरांचा उठावाचा नकाशा. हातमोजा काढून त्यावरून बोट फिरवलं. गार, ओला धातू. आत्ता चढून आलेली खिंड बोटाखाली खोलगट लागली आणि माझा घसा दाटून आला.

अकरा वाजता सगळे गप्प झाले. दोन मिनिटं फक्त वारा आणि जॅकेटांची फडफड. एक लहान मुलगी बापाच्या खांद्यावर झोपली होती.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. नंतर थर्मासमधला चहा पुढे करत ते म्हणाले, “यांतल्या कुणालाच मी पाहिलेलं नाही. पण ज्या खडकांना धरून ते चढले, तेच मी आयुष्यभर धरत आलोय.”

उतरताना आम्ही बरोबरच होतो. जमिनीचं स्मारक टिकतं कसं, यावर बोलणं निघालं. ट्रस्टने एकदा जमीन अहस्तांतरणीय ठरवली, की ती ट्रस्टला स्वतःलाही विकता येत नाही. १९०७च्या कायद्याची ही ताकद मला फार मोठी वाटते, कारण उलट उदाहरणही याच देशात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी मृतांच्या स्मरणार्थ ५ कोटी पौंडांचा राष्ट्रीय भूमी निधी काढला. १९५७ मध्ये सरकारने त्यातले बहुतेक पैसे काढून घेतले आणि फक्त १ कोटी ठेवले. पैशाचं स्मारक असं एका निर्णयात आटलं. डोंगर जागेवर आहेत.

गावोगावच्या स्मृती-उद्यानांचं मात्र तसं नाही. ती बहुतेक स्थानिक कौन्सिलांच्या मालकीची. खर्चाची ओढाताण झाली, की मैदानाच्या कडेचा तुकडा विकायचा विचार पुढे येतो. म्हणून मोकळी मैदानं जपणाऱ्या ‘फील्ड्स इन ट्रस्ट’ या संस्थेने २०१४ पासून, माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या रॉयल ब्रिटिश लीजनच्या साथीने, पहिल्या महायुद्धाच्या स्मृतीशी जोडलेली मैदानं आणि बागा कायमच्या राखण्याचं काम घेतलं. मालकाकडून रीतसर दस्त करून घ्यायचा, की ही जागा मोकळीच राहील. फुलं वाहण्याइतकंच मोलाचं हे कागदाचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

खिंडीखाली पायवाट दगड रोवून बांधलेली आहे. पाणी बाहेर काढायला मधूनमधून आडवे दगडी चर आहेत. एक चर गाळाने बुजला होता आणि पाणी वाटेवरूनच वाहत होतं. गृहस्थ गुडघ्यावर बसले, दोन्ही हातांनी चिखल उपसू लागले. मीही बसलो. दहा मिनिटांत चर मोकळा झाला आणि पाणी वाट सोडून ओढ्याकडे वळलं.