बॅलन्सिंग शून्य, तरी स्टिअरिंग थरथरतंय

नाशिकला आमचं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. पावसाळ्यात दुभाजकावर आपटून आलेली चाकं आम्हाला नवीन नाहीत. पण परवाच्या गाडीबद्दल लिहायलाच हवं, कारण तशीच चाकं घेऊन किती जण रस्त्यावर असतील, हा विचार मला सोडत नाही.

गाडीचे मालक काका बँकेतून निवृत्त झालेले. मुलाने रात्रीच्या पावसात डावं पुढचं चाक दुभाजकाच्या कडेवर चढवलं होतं. दुसरीकडून बॅलन्सिंग करून आणलं होतं, त्याची चिठ्ठीही होती. चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वजनाचा फरक शून्य.

"तरी सत्तरच्या पुढे स्टिअरिंग हातात नाचतं रे. उद्या पहाटे समृद्धीने नागपूरला निघायचंय, लेकीचं डोहाळजेवण आहे. परत एकदा बॅलन्सिंग करून दे."

मी विचारलं, "काका, ब्रेक दाबल्यावर वाढतं का?" नाही. म्हणजे ब्रेक डिस्कवरचा संशय कमी. सीटला जाणवतं की स्टिअरिंगला? स्टिअरिंगला. म्हणजे बहुधा पुढचंच चाक. आणि हळू चालवताना? "धप धप असं काहीतरी होतं खरं." इथे माझे कान टवकारले. नुसत्या बॅलन्सिंगच्या बिघाडात हळू चालताना धपधप होत नाही.

गाडी उचलली, चाक फिरवलं आणि रिमच्या आतल्या कडेला डायल गेज, म्हणजे वाकडेपणा मोजणारं काट्याचं मापक, लावलं. काटा दोन मिलिमीटरहून जास्त हलला. अलॉय रिम एक मिलिमीटरच्या पुढे वाकडी असेल तर आम्ही ती नाकारतो. बॅलन्सिंगचं मशीन वजन कुठे कमी-जास्त आहे ते सांगतं, चाक गोल आहे का हे त्या शून्यावरून कळत नाही. वाकलेल्या रिमलाही वजनं चिकटवून शून्य आणता येतं. ताशी ९० ला १५ इंची चाक सेकंदाला १३ च्या आसपास फेरे घेतं. मग तो वाकडेपणा तितक्याच वेळा स्टिअरिंगला धक्का देणार.

चाक उतरवून आतल्या बाजूने हात फिरवला आणि फुगा लागला. बाहेरून टायर नव्यासारखं, फुगा गाडीकडच्या बाजूला. आपटल्यावर साइडवॉलमधले, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीतले, धागे तुटतात आणि हवा तिथूनच रबर बाहेर ढकलते. याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. रिमची कड रॉकेलने पुसली तर बारीक तडाही दिसला.

काका म्हणाले, "मग हे चाक मागे टाक, परत आल्यावर बघू."

मी सरळ नाही म्हटलं. मागचं टायर फुटलं तर गाडीची मागची बाजू सुटते आणि ती स्टिअरिंगने सावरणं अवघड असतं. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मुभा आहे, काँक्रीटचा रस्ता आहे, तासन्‌तास वेग कमी होत नाही. स्टेपनी १४ इंची, तिच्यावरच ८० च्या वर जाऊ नका असं स्टिकर. ती पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचण्यापुरती. काका गप्प झाले. फुग्यावर त्यांचाच अंगठा ठेवून दाखवला, तेव्हा पटलं.

गाडी अलाइनमेंटवर घेतली तर डाव्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, उजव्यापेक्षा एक अंशाहून जास्त बाहेर झुकलेला. या गाडीत पुढचा कॅम्बर जुळवण्याची सोय नाही, फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते, जुळतो. म्हणजे काहीतरी वाकलेलं असणार. चाकाला खालून धरणारे दोन्ही लोअर आर्म शेजारी धरून पाहिले, डाव्याला बाक होता. इथे टो जुळवून 'अलाइनमेंट झाली' म्हणणारे असतात आणि मला त्यांचा राग येतो. गाडी सरळ जाते, पण टायर बाहेरच्या कडेला झिजत राहतं.

लोअर आर्म नवा आणला. तसं अलॉय त्या दिवशी मिळेना, म्हणून याच मॉडेलची १५ इंची स्टीलची रिम लावली, नट नीट बसतात याची खात्री करून. पुढची दोन्ही टायर नवी घातली. काकांना त्या रिमचं रूप आवडलं नाही, पण थांबले. कॅम्बर आपोआप जागेवर आला, मग टो जुळवला. संध्याकाळी मुंबई-आग्रा रस्त्यावर काकांनाच चालवायला दिली. नव्वदला स्टिअरिंग स्थिर.

निघताना एवढंच सांगितलं, "काका, शंभरेक किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट एकदा पान्याने आवळून बघा. आणि टायर थंड असताना हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा."