सेल काढला तरी काटा हललाच

मे महिन्यात नागपुरात रस्त्यावर घाम अंगावर टिकतच नाही, लू तो वाळवून टाकते. आमच्या लॅबमध्ये मात्र कूलर धो धो चालू आणि खिडक्या बंद, त्यामुळे बोटं कायम ओलसर. बीएस्सीच्या पोरांचं हाफ डिफ्लेक्शन चाललं होतं, म्हणजे गॅल्व्हनोमीटरचा (बारीकसा करंट काट्यानं दाखवणारं यंत्र) रेझिस्टन्स काढायचा प्रयोग. कोपऱ्यातल्या टेबलावरून एका मुलीची हाक आली, "मॅडम, सेल काढून टाकला, तरी काटा हालून राहिला!"

अशा वेळी बहुतेकदा काचेवरचा स्थिर विद्युतभार निघतो, पोरं रुमालानं काच घासतात. काचेवर तोंडाची वाफ सोडली. फरक नाही. मग तिच्या हातांकडे लक्ष गेलं. एका चिमटीत तांब्याच्या तारेचं उघडं टोक, दुसरीत क्रोकोडाइल क्लिप, जिच्यावर जस्ताचा मुलामा. एक हात सोडायला लावला, काटा शून्यावर. धरला की पुन्हा पट्टीवरचं जेमतेम एक घर.

"म्हणजे माह्या अंगात करंट आहे?" तिनं विचारलं. सगळी बॅच हसली. मला हसू आलं नाही, कारण गॅल्व्हानी या इटालियन शास्त्रज्ञानं १७९१ मध्ये हेच छापलं होतं, फक्त बेडकाच्या पायाबद्दल. वीज प्राण्यातच असते, असं त्याचं म्हणणं. दुसरा इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा म्हणाला, वीज दोन वेगळ्या धातूंमुळे, बेडूक नुसता ओला दुवा. म्हटलं, आता तुम्हीच निकाल लावा.

कपाटातून डॅनियल सेल या जुन्या बॅटरीचं तांब्याचं भांडं आणि जस्ताची कांडी काढली. (वापरलेल्या कांड्यांना पारा चोळलेला असतो, त्या पोरांच्या हातात द्यायच्या नाहीत. ही कोरी होती.) दोन्हींना गॅल्व्हनोमीटरच्या वायरी जोडल्या. एका हातात भांडं, एका हातात कांडी, काटा तीन घरं. मग हात बदलायला सांगितले. काटा उलटा जाणार, यावर निम्म्या बॅचनं चहाची पैज लावली. तो त्याच बाजूला गेला! वायरी गॅल्व्हनोमीटरवर उलट जोडल्या तेव्हा कुठे उलटला. दोन्ही हातांत तांबंच दिलं, तर जागचा हलेना. डावा-उजवा हात काट्याच्या खिजगणतीत नव्हता, त्याला फक्त धातू कळत होते.

हा करंट किती, हे त्यांच्याच जर्नलमध्ये होतं. २ व्होल्ट, ५००० ओहम, वर गॅल्व्हनोमीटरचे ९०, काटा २० घरं. म्हणजे एका घराला सुमारे २० मायक्रोॲम्पिअर. हातांतून ६० जात होते. फिगर ऑफ मेरिट, म्हणजे एका घराचा करंट, हा आकडा पोरं आदल्या वर्षीच्या जर्नलमधून सरळ उतरवतात, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तो कुणाच्या तरी कामी आला.

मग एकाला सुचलं, सिरीज करू. दोन मुली, दोन भांडी, दोन कांड्या; पहिलीची कांडी वायरनं दुसरीच्या भांड्याला. व्होल्टेज दुप्पट, तेव्हा सहा घरं हवीत. काटा तीनपाशीच घुटमळला. "काऊन बे?" मागून कुणीतरी पुटपुटलं. मी गप्प. वर्गात सिरीजमधल्या सेलचा फॉर्म्युला मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी तो नुसता पाठ होतो.

बराच वेळ वाद झाला. शेवटी सेल काढणारी तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, रेझिस्टन्स पण दुप्पट झाला नं. आम्हीच तर रेझिस्टन्स आहो." बरोबर होतं. माणसाच्या कातडीचे हजारो ओहम, त्यापुढे गॅल्व्हनोमीटरचे ९० म्हणजे काहीच नाही.

कुणी काही सांगायच्या आत तिनं दुसरं भांडं बाजूला सारलं, मैत्रिणीचा हात ओढून आपल्याच भांड्यावर ठेवला, दुसरा आपल्याच कांडीवर. दोघी पॅरलल. काटा पाचच्या पुढे गेला आणि पैज हरलेले चहा सांगायला खाली पळाले.