मामाची शुगर आणि उपाशीपोटीची भानगड

मामा सव्वीस वर्षं ट्रक चालवतोय. कळंबोलीतून स्टीलच्या कॉइल भरायच्या आणि इंदूर, कधीकधी थेट लुधियाना. गाडीचं ग्रीसिंग, टायरची हवा यात एक दिवस मागंपुढं होऊ देणार नाही, पण स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलंस विचारलं तर म्हणतो, "लायसन रिन्यू केलं तेव्हा." ट्रान्सपोर्टचं लायसन आता पाच वर्षांनी रिन्यू होतं, त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म वन-ए. ते देणाऱ्यानं (कोण ते जाऊ दे) मान वर करून मामाकडे बघितलंसुद्धा नव्हतं, फोटो चिकटवला, शिक्का मारला, झालं.

तर मागच्या महिन्यात गाड्या उभ्या असतात तिथेच आरोग्य तपासणीचं शिबिर होतं, मी रजा टाकून त्याला ढकलतच नेलं. टेबलावरची पोरगी म्हणाली, काका, उपाशीपोटी यायचं होतं ना. मामा म्हणाला, "अगं बाई, रात्री अडीचला ढाब्यावर जेवलो, सहाला चहा मारला, आता नऊ वाजलेत, ह्याला उपाशी म्हणायचं का ते तूच सांग."

बरोबरच आहे की त्याचं! मी स्वतः लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतो, रोज शंभर जणांना हेच सांगतो, आठ तास काही खायचं नाही, पण ज्याच्या दिवसाला सकाळच नाही त्यानं कधी यायचं हा विचार माझ्याही डोक्यात आला नव्हता. अशा माणसाची एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करावी, तिला उपाशी राहावं लागत नाही आणि साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी कळते. साडेसहा टक्के किंवा त्याच्या वर गेली की डायबेटिस धरतात. मामाची ८.९ आली. बीपी १५८/९८.

आणि घोरणं! ते मामाला विचारून उपयोग नाही, क्लीनरला विचारायचं. तो म्हणाला, "इंजिन बंद केलं तरी उस्ताद चालूच असतात, मधेच आवाज एकदम थांबतो, मी घाबरून हलवतो." झोपेत श्वास अडकतो तो हाच प्रकार, मग झोप पुरी होत नाही आणि स्टेअरिंगवर डुलकी लागते. शिबिराच्या फॉर्मवर यासाठी एक रकानासुद्धा नव्हता. झोपेची तपासणी करायचीय, पण मामा घरी सलग दोन रात्री असेल तर ना.

गोळ्या सात दिवसांच्या दिल्या. ट्रिप बारा दिवसांची. मी बाकीच्या विकत घेतल्या आणि आरसी, परमिट ठेवतो त्याच पाकिटात घातल्या, ते पाकीट तो कधी विसरत नाही.

काल सेंधव्याहून फोन आला, "घेतली बाबा गोळी." मागून क्लीनर ओरडला, "दोन घेतल्या, परवाची राहिली होती म्हणून!"