36 सेकंदांसाठी अडलेलं बिल

कामाच्या तासांचं बिल क्लायंटकडून पहिल्यांदा परत आलं तेव्हा त्यावर एवढाच शेरा होता: 'तास जुळत नाहीत.' किती तास? तर 0.01. म्हणजे 36 सेकंद. मार्चअखेर, साहेब डोक्यावर बसलेले, आणि क्लायंटच्या अकाउंट्समधले गृहस्थ फोनवर अगदी शांतपणे सांगतायत, "मॅडम, ऑर्डरमध्ये 40 आहेत, तुमच्या शीटमध्ये 39.99. पोर्टल घेत नाही. 40 करून पाठवा ना."

केले 40. एक्सेलमध्ये दशांश स्थळं उडवली आणि पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा परत! सेलमध्ये 40 दिसत होते, आत 39.99 तसेच बसले होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण घाईत सुचलं नाही, आणि त्याचाच जास्त राग आला.

कामाचा प्लॅन मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये, म्हणजे कामं आणि तास आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये. मंजुरी, टाइमशीट (कोणी किती तास काम केलं त्याची नोंद), सगळं सुरळीत झालं होतं. आता घोळ कुठे ते शोधायला बसले. आधी कॅलेंडरवर संशय घेतला. आमची शिफ्ट साडेआठ तासांची आणि ऑप्शन्समध्ये 'अवर्स पर डे' 8, त्यामुळे एका दिवसाचं काम 1.06 दिवस दिसायचं. ते दुरुस्त केलं, अर्धा दिवस गेला, 39.99 जागचे हलले नाहीत. ते दुखणंच वेगळं होतं. (तरी तुम्ही हे आधी तपासून घ्या. दोन आकडे एक नसतील तर पुढे त्रास होतोच.)

खरी गोष्ट संध्याकाळी कळली, तीही कागदावर. 40 तासांचं काम, तिघांत समान. प्रत्येकी 13.33. तीन वेळा मिळवा, 39.99. प्रोजेक्टमध्ये एकूण मात्र बरोबर 40, कारण तो आत पुढच्या दशांशांसकट आकडा धरतो आणि दाखवताना दोनच दशांश स्थळं दाखवतो. मी काय केलं होतं? तिघांच्या ओळी कॉपी करून एक्सेलमध्ये टाकल्या. तिथे '13.33 hrs' असा मजकूर येतो, मी 'hrs' काढून बेरीज मारली. आतला आकडा मागेच राहिला, आणि दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज करून मी बिल केलं. सॉफ्टवेअरला दोन दिवस शिव्या घातल्या त्या फुकट गेल्या.

खालच्याच ओळीत 20 तासांचं काम होतं. प्रत्येकी 6.67, बेरीज 20.01. एकीकडे कमी, एकीकडे जास्त. गृहस्थांना ते बहुधा जास्तच संशयास्पद वाटलं असणार.

मग वाटलं, तास सोडून मिनिटांत बघू. 40 तास म्हणजे 2400 मिनिटं, भागिले 3, बरोबर 800! बाकी शून्य. 20 तासांचंही तसंच, प्रत्येकी 400. शाळेतलं गणित, आणि मी दोन दिवस शतांश घासत बसले होते. प्रोजेक्टच्या वर्कच्या रकान्यात '800m' लिहिलं तरी चालतं, किंवा ऑप्शन्समध्ये शेड्यूलखाली कामाचं एकक मिनिटं करून टाका.

पोर्टलला मात्र तासच हवे, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. म्हणून शेवटच्या माणसाचे 13.34 केले. लगेच फोन: "यांचेच जास्त का?" मग बिलासोबत एक ओळ लिहून दिली: प्रत्येकी 800 मिनिटं, पूर्णांकनाचा फरक शेवटच्या ओळीत. तेव्हा कुठे बिल पुढे सरकलं. ही ओळ पहिल्याच दिवशी जोडली असती तर! 20 तासांच्या कामात उलट, शेवटच्याचे 6.66.

माणसं वाटताना युनिट्समध्ये (माणसाचा किती टक्के वेळ त्या कामाला, तो रकाना) 33% टाकू नका. 40 चे 33% म्हणजे 13.2, तिघांचे 39.6, तिथे 36 सेकंद नाही, चांगली 24 मिनिटं जातात.

आणि हो, हे राहिलंच. टाइमशीटमधून प्रत्यक्ष कामाचे 13.33 टाकले की काम 99 टक्क्यांवर अडून बसतं, रिमेनिंग वर्कमध्ये, म्हणजे उरलेल्या कामात, चिमूटभर शिल्लक राहते. तिथे 0 टाकलं तर एकूण काम 39.99 वर येतं आणि पुन्हा तोच फोन. त्याऐवजी '% वर्क कंप्लीट'मध्ये 100 टाका, 40 चे 40 राहतात.